तासातली शेवटची पाच मिनिटं

विलायतेहून परत आलो त्या दिवशी बोट नेहमीसारखीच रत्नागिरीच्या बंदरापासून लांब नांगरली आणि आम्हाला पडावातून किनाऱ्यावर आणलं. धक्क्यावर वडील उभे होते. मी पाया पडायला वाकलो, तर ते अर्धं पाऊल मागे सरले. आपण मागे सरलो हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण लगेच त्यांनी माझ्या ट्रंकेला हात घातला.

"खोकला थांबला का?" त्यांनी विचारलं.

"थांबला."

गावी पोचेपर्यंत चार कोस बैलगाडीत आम्ही दोघं याहून जास्त काही बोललो नाही.

मी लीड्सला कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला गेलो होतो. एका धर्मादाय फंडाची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि आमच्यासारख्या भिक्षुकाच्या घरातला मुलगा विलायतेला जातो म्हणून रत्नागिरीत माझा सत्कारही झाला होता. तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या फुप्फुसात पाणी झालं. पाच महिने मी सॅनेटोरियममध्ये एका उघड्या व्हरांड्यात खाटेवर पडून काढले. परीक्षा बुडाली, शिष्यवृत्ती बंद झाली आणि हिंडण्याफिरण्याइतका बरा झाल्यावर मला परतीच्या बोटीत बसवण्यात आलं.

त्या खाटेवर माझ्या आत काहीतरी बधिर झालं. एका अंगावर फार वेळ झोपल्यावर हात बधिर होतो, दुसऱ्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसं माझं झालं होतं. फरक इतकाच की त्याला नंतर मुंग्या आल्या नाहीत. आई मला पाहून रडली तेव्हा मी तिच्या मागच्या खुंटीवरचा पंचा पाहत होतो. तिने माझं पान ओटीवर वेगळं मांडलं आणि वरून, हात न लागेल असं वाढलं. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्ताशिवाय घरात घेत नसत. रत्नागिरी शहरात तोवर या गोष्टी ढिल्या होत चालल्या होत्या, पण आमच्या गावात नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. ओटीवर वारा बरा यायचा.

दोन महिने असे गेल्यावर माझे शाळेतले जुने मास्तर मला घेऊन रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांकडे गेले. तिथे प्राथमिक शाळेचे शिक्षक तयार होत. प्रिन्सिपॉलांनी माझी कागदपत्रं चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"रसायनशास्त्र शिकलेला माणूस खेड्यातल्या पोरांना पाढे शिकवणार?"

"हो."

"का?"

"दुसरं काही सुचत नाही, साहेब."

ते हसले, पण मी विनोद केला नव्हता. वर्ष सुरू होऊन महिना झाला होता, तरी त्यांनी मला घेतलं. राहण्या-जेवण्याचा खर्च निघावा म्हणून दोन कामंही दिली. एक ग्रंथालयाचं. म्हणजे दोन कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि दुपारी तासभर पुस्तकं द्यायची-घ्यायची. दुसरं काम त्यांना माझ्या मनगटाकडे पाहून सुचलं. लीड्सला घेतलेलं घड्याळ माझ्या हातावर होतं.

"हे वेळ बरोबर दाखवतं?"

"दाखवतं."

"मग टोल तुम्ही द्या. आमचा शिपाई सूर्याकडे बघून देतो."

कॉलेजच्या पडवीत वाशाला एक जाड पितळी थाळी टांगलेली होती. प्रत्येक तास संपला की लाकडी मोगरीने तिच्यावर टोल द्यायचा. विलायतेहून आलेला माणूस टोल देतो याची पहिले आठ दिवस मुलांना फार गंमत वाटली. नंतर ती विसरली. अडचण वेगळीच होती. टोल वेळेवर द्यायचा तर प्रत्येक तासाला मला पाच मिनिटं आधी वर्गातून उठावं लागे. आणि आमचे मास्तर लोक नेमकं महत्त्वाचं ते शेवटी सांगत. पाठाचं टाचण कसं काढायचं, फळा कसा मांडायचा, उद्या काय करून आणायचं, हे सगळं मी मोगरी हातात घेऊन बाहेर उभा असताना आत चाललेलं असे. पहिल्या चाचणीत मी जवळजवळ सगळ्या विषयांत खाली होतो. मला त्याची लाज वाटायला हवी होती. मी कागद घडी करून खिशात घातला, एवढंच आठवतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ग्रंथालयात माझ्या टेबलावर कोणीतरी एक वही ठेवली. मी वर पाहिलं. आमच्याच वर्गातला, पूर्णगडचा खारव्याचा मुलगा होता. मुलगा म्हणायचं खरं, पण माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा. गावच्या शाळेत दोन वर्षं शिकवून तो ट्रेनिंगला आला होता. त्याचा बाप मलबारपर्यंत जाणाऱ्या गलबतावर तांडेल होता.

"बघ," तो म्हणाला. "तू उठून गेलास की पुढचं सगळं यात लिहिलंय. प्रत्येक तासाचं."

मी वही उघडली. वळणदार अक्षरात, तास आणि वार घालून, शेवटच्या पाच-पाच मिनिटांचे तुकडे लिहिलेले होते.

"हे कशाला?"

"फुकट नाय," तो हसला. "मला इंग्रजी शिकव. नुसतं वाचता येतं, बोलायला गेलं की जीभ अडकते."

असा आमचा सौदा झाला. ग्रंथालय बंद केल्यावर तासभर मी त्याला इंग्रजी शिकवायचो आणि तो माझी वही भरायचा.

जेवायलाही आम्ही दोघंच बरोबर असू. कॉलेजच्या बऱ्याच मुलांसाठी एका ब्राह्मण आचाऱ्याने जवळच्या घरात खाणावळ चालवली होती. ब्राह्मण मुलांची पंगत आत माजघरात बसे. मराठ्यांची, कुळवाड्यांची मुलं बाजारातल्या दुसऱ्या खाणावळीत जात. पूर्णगडच्याला ती लांब पडायची, म्हणून तो इथेच, बाहेर पडवीत एकटा जेवे. मी प्रायश्चित्त घेतलेलं नाही हे आचाऱ्याला आल्या दिवशीच कळलं होतं आणि त्याने माझं पानही पडवीत टाकलं. अशी पडवीत दोन पानं झाली. जेवून झाल्यावर आपापलं खरकटं आम्हीच काढायचो.

"आमच्यात माणूस दर्यावरून परत आला की बायका दारात ओवाळतात," तो एकदा भात कालवताना म्हणाला. "तुमच्यात बाहेर बसवतात. तिथे असं काय खाल्लंस रे?"

"जे देतील ते."

"मासे?"

"मासे. मटणाचं सूपसुद्धा. अंगात ताकद नव्हती."

"मग आता हे पिठलं कसं उतरतं घशाखाली?" असं म्हणून तो इतका मोठ्याने हसला की आतली पंगत वळून बघायला लागली.

माजघरातल्या पंगतीत माझ्या खोलीवरचा मित्र असे. तो हेदवीचा, देवळाच्या पुजाऱ्यांच्या घरातला. किडकिडीत, बडबड्या, आणि सोवळ्याओवळ्यात कडक. संध्या चुकवायचा नाही, बाजारातला चहा प्यायचा नाही. माझ्या कपाला तो शिवत नसे, पण मला ताप आला तेव्हा सगळा दिवस उशाशी बसून राहिला होता. रविवारी आम्ही तिघं मांडवीच्या समुद्रावर फिरायला जायचो. ते दोघं वाद घालत, मी ऐकत असे. इतर मुलांना मी शिष्ट वाटायचो. या दोघांना काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही.

गॅदरिंगला मला 'माझा विलायतेचा प्रवास' या विषयावर बोलायला उभं केलं. मी लीड्सची हवा, तिथला धूर आणि ट्रामगाड्या यांच्याबद्दल चारपाच वाक्यं बोललो आणि खाली बसलो. दुसऱ्या दिवशी पूर्णगडच्याने इंग्रजीचं पुस्तक बाजूला सारलं.

"दोन वर्षांत तू एवढंच पाहिलंस?"

मग का कोण जाणे, मी त्याला सॅनेटोरियमचं सांगितलं. माझ्या शेजारच्या खाटेवर एक खाणकामगार होता. आम्ही रोज एकमेकांना नमस्कार करायचो, तो मला त्याच्या मुलीची पत्रं वाचून दाखवायचा. एका सकाळी तो गेलेला होता. दुपारच्या चहाच्या वेळेपर्यंत त्याच्या खाटेवर धुतलेली चादर घातली गेली आणि दुसरा माणूस येऊन झोपला. मी चहा प्यालो. बिस्किटही खाल्लं.

"त्या दिवसापासून असंच चाललंय," मी म्हटलं. "कशाचं काही वाटत नाही."

त्याने बाजूला सारलेलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "बुडता बुडता वाचलेला माणूस आमच्याकडे असाच होतो. वर्षभर. मग होतो बरा."

दिवाळीच्या सुमाराला वडील कॉलेजात आले. पहाटे निघून चार कोस चालत आले होते. मधल्या सुट्टीत मी त्यांना पडवीच्या पायरीवर बसलेलं पाहिलं. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही, तोंड धुऊन यायला विहिरीवर गेले. परत आल्यावर उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, "श्रावणात यंदा एकाही घरी मला बोलावलं नाही. तीन यजमानांनी दुसरा भटजी धरला."

मी पाण्याचं भांडं पायरीवर ठेवलं.

"तुझ्या आईला हळदीकुंकवाला कोणी विचारीत नाही. मी तुला कधी काही म्हटलं नाही. गेलास तेव्हाही नाही. पण आता एवढं कर."

"करतो," मी म्हटलं.

इतक्या लवकर मी कबूल होईन असं त्यांना वाटलं नव्हतं. आणखी काय काय समजवायचं ते मनाशी जुळवून आले असणार. ते तसेच बसून राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी घड्याळाकडे पाहिलं. टोलाची वेळ झाली होती.

तीन दिवसांची रजा मिळाली. टोल कोण देणार, असा प्रश्न आला तेव्हा पूर्णगडचा म्हणाला, "मी देतो." मी हातातलं घड्याळ काढून त्याला दिलं.

"घरी काय आहे?" त्याने विचारलं.

"जरा काम आहे."

मी त्याला खोटं सांगितलं असंही नाही. पण खरं सांगितलं नाही. त्याच्यापासून लपवावं असं काही मनात नव्हतं, आणि सांगावं एवढी तरतरीही नव्हती. हे मी आज लिहितोय म्हणून सोपं वाटतं. तेव्हा मी विचारच केला नाही.

गावी माझं डोकं भादरलं, पंचगव्य दिलं, होम झाला, नवं जानवं घातलं. आईने पाटावर बसवून स्वयंपाकघरात जेवायला वाढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. दोन वर्षांनी तिचा हात लागत होता. मी ताक जास्त मागितलं, कारण ती काहीतरी वाढायला धडपडत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या जेवणाच्या वेळेलाच मी रत्नागिरीत पोचलो आणि तसाच खाणावळीत गेलो. अंगणात हातपाय धुतले. आचाऱ्याने माझी शेंडी पाहिली, मी घरून आणलेली, प्रायश्चित्त झाल्याची उपाध्यायांची चिठ्ठी वाचली आणि अगदी आनंदाने म्हणाला, "या, या, आत या. आता काही अडचण नाही." पडवीच्या टोकाला पूर्णगडचा पाठमोरा बसला होता. त्याने वळून पाहिलं की नाही मला माहीत नाही. मी मागच्या दाराने आत गेलो आणि पंगतीत बसलो. माझ्या जागेवरून दारातून त्याची पाठ दिसत होती. कुळथाचं पिठलं होतं, वाल होते. मी पोटभर जेवलो. त्या जेवणातलं मला हेच सगळ्यात जास्त आठवतं, की मी पोटभर जेवलो.

दुपारी त्याने घड्याळ परत दिलं.

"दोन मिनिटं मागे पडतं," तो म्हणाला. माझ्या डोक्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. इंग्रजीला तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी कपाटं बंद केल्यावर थोडा वेळ टेबलाशी बसून राहायचो आणि मग उठायचो. वही मात्र येत राहिली. रोज दुपारी ती टेबलावर असायची, तास आणि वार घालून, पहिल्यासारखीच. मी ती उतरवून घ्यायचो.

आठ-दहा दिवसांनी जे घडलं ते माझ्या कधी स्वप्नातही आलं नसतं. पंगत बसली होती. हेदवीचा नेहमीप्रमाणे सोवळं नेसून माझ्या शेजारी बसला होता. आचारी भात वाढून पुढे गेला, तसा हा उठला, भातासकट आपलं पान दोन्ही हातांवर उचललं आणि दाराबाहेर जाऊन पडवीत पूर्णगडच्याच्या शेजारी मांडून बसला.

"अरे, हे काय?" आचारी ओरडला. "उठलेलं पान!"

"इथे आमटी आणा," हा बाहेरून म्हणाला.

"तू परत आत बसायचा नाहीस, सांगून ठेवतो!"

"नाही बसत. तो बिचारा रोज एकटा जेवतो. जेवताना माणसाला बोलायला कोणी नको का?"

पंगतीत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पानावर भात होता. मी त्यावर वरण घेतलं आणि कालवलं.

त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत हेदवीचा पडवीत जेवला. सोवळं त्याने सोडलं नाही. तसाच सोवळ्यात बसायचा, संध्या करायचा, बाजारातला चहा प्यायचा नाही. त्याच्या घरी कोणीतरी पत्र घातलं, त्याचा काका येऊन त्याला अद्वातद्वा बोलून गेला. खोलीवर मी एकदा त्याला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," तो म्हणाला. "पान सांडेल असं वाटत होतं." मग म्हणाला, "तुझं वेगळं आहे. तुझे वडील आहेत."

त्याने मला सुटायला जागा करून दिली होती आणि मी ती घेतली. रविवारी ते दोघं मांडवीला जात राहिले. मला बोलवायचे. मी ग्रंथालयाचं काम काढायचो.

वार्षिक परीक्षेत पूर्णगडचा पहिला आला. मीही बऱ्या गुणांनी पास झालो, ते त्याच्या वहीमुळे. शेवटच्या दिवशी त्याने मला हात केला आणि म्हणाला, "येतो रे," आणि वळकटी खांद्यावर टाकून भाट्याच्या खाडीवरच्या तरीकडे चालायला लागला. हेदवीचा दाभोळच्या बोटीने गेला. त्याचं पत्र वर्षा-दोन वर्षांनी यायचं. पूर्णगडच्याचं आलं नाही.

मी जिल्ह्यात निरनिराळ्या गावांत मास्तरकी केली. काम नेटकं करायचो. लग्न झालं, मुलगी झाली. वडिलांना त्यांचे यजमान परत मिळाले, आणखी सहा-सात वर्षं त्यांनी भिक्षुकी केली. ते गेले तेव्हा मी सगळे विधी रीतसर केले आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुढे एक दिवस वर्गात पहिलीतली एक मुलगी पाटीवरचं धुऊन गेलेलं अक्षर पाहून हुंदके देऊन रडायला लागली. तिला समजावता समजावता मलाच रडू फुटलं. कशासाठी ते कळेना. पोरं घाबरली. मी बाहेर जाऊन विहिरीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. इतकी वर्षं बधिर असलेल्या भागाला एकदम मुंग्या आल्या तर कसं होईल, तसं ते होतं. सुखाचं नव्हतं.

पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी पूर्णगडला गेलो. पत्र टाकलं नव्हतं. तो शाळेच्या ओट्यावर जुन्या नकाशाला मागून कापड चिकटवत बसला होता. केस पिकायला लागले होते. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"ये," तो म्हणाला. "हा कोपरा धर जरा."

मी कोपरा धरला. नकाशा होईपर्यंत तो शाळेबद्दल बोलत होता. खारव्यांची पोरं चौथीनंतर होडीवर जातात, थांबत नाहीत. मुली मात्र यंदा नऊ आल्या. मी मध्येच म्हटलं, "मी तेव्हा आत जाऊन बसलो, ते..."

"तुझ्या बापाला पायरीवर बसलेला मी बघितला होता," तो म्हणाला. "आत बसलास त्याचं मी काही मनात ठेवलं नाय. बापासाठी मीही बसलो असतो."

खळीचा ब्रश त्याने वाटीत ठेवला.

"पण सांगून जायचं होतंस. तू त्या दिवशी येणार म्हणून मी आचाऱ्याकडून तुझं पान मागून घेतलं होतं. समोर मांडून बसलो होतो. मीठसुद्धा वाढून ठेवलं होतं."

माझ्या जागेवरून मला त्याची फक्त पाठ दिसली होती. तिच्या पलीकडे काय होतं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. नकाशाचा कोपरा माझ्या हातात ओला झाला होता, घामाने की खळीने कोण जाणे.

"मग काय केलंस त्या पानाचं?" मी विचारलं.

"काय करणार? गाईला घातलं." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याचा आवाज उतरला. "जाऊ दे रे. इंग्रजी मात्र माझं तिथेच राहिलं. तेवढं वाईट वाटतं."

मी त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. सकाळी आम्ही ओट्यावर पुस्तक उघडून बसायचो. त्याची जीभ पूर्वीपेक्षा जड झाली होती आणि माझे उच्चारही आता विलायतेचे राहिले नव्हते. फार काही झालं नाही. दहा-बारा धडे झाले असतील.